पिवळं पाणी
(रोजनिशीतील पाने, २०२५)

७ एप्रिल, सोमवार

आज पहिल्यांदा प्लॉटवर गेले. वागळे इस्टेटीपासून रिक्षाने दहा मिनिटं. एमआयडीसीने १९६२ च्या सुमारास आपली पहिली वसाहत वागळेला उभी केली आणि तिच्या हद्दीबाहेरही शेडला शेड लागत गेली. हा कारखाना त्यातलाच. सायकलचे हँडल, नळाच्या तोट्या, पुढे स्कूटरचे बंपर चकचकीत करून द्यायचा. क्रोम प्लेटिंग. बंद पडून पंचवीस वर्षं झाली. आता इथे तीन टॉवर, दोन मजली बेसमेंट आणि मधे मुलांची बाग होणार आहे.

पहिल्या दिवशी मी काही खणत नाही, फक्त चालते. पत्रे कुठे जास्त गंजलेत, झाड कुठे उगवलंय, कुठे उगवत नाही ते बघते. मागच्या बाजूला रुई, घाणेरी, सुबाभूळ माजलंय. प्लेटिंगच्या शेडमागे मात्र साधारण दोन खोल्यांएवढी जमीन उघडी आहे, गवताची काडी नाही. शेडच्या भिंतीला जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पिवळी ओल आणि त्यावर मिठासारखी फुललेली पिवळी पूड. बोट लावायचा मोह होतो. हातमोजे घातले होते तरी लावलं नाही.

वॉचमनकाका मूळचे संगमेश्वरकडचे. आधी इथेच हौदावर कामाला होते, कारखाना बंद झाल्यावर मालकाने राखणीला ठेवले, ते राहिलेच. म्हणाले, "ताई, धुतलेलं पाणी कुठं जायचं विचारताय ना? मागं खड्डा होता. दगड टाकलेला. पाणी सोडलं की जिरायचं. पिवळंधमक पाणी."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाच्या पेरावर पेन्सिलीच्या टोकाने दाबावा तसा गोल खळगा, कडा टणक, आत पांढुरकी कातडी. "हे त्याचंच. तेव्हा सगळ्यांना व्हायचं. कुणाकुणाला नाकात भोक पडलेलं. दुखत नाही म्हणून कोणी डॉक्टरकडं गेलं नाही."

क्रोमचे व्रण आणि नाकाच्या आतल्या पडद्याला पडणारं भोक मी पुस्तकात वाचलं होतं. जिवंत माणसाच्या हातावर आज पाहिलं.

१० एप्रिल, गुरुवार

दिवस कागदांत गेला. आमच्या कामाचा पहिला टप्पा हाच: प्लॉट पूर्वी कुणाकडे होता, तिथे काय बनायचं, कोणतं रसायन यायचं, सांडपाणी कुठे जायचं. जुना नकाशा मिळाला, निळ्या छपाईचा, घडीवर फाटलेला. त्यात हौद आहेत, बॉयलर आहे, कँटीन आहे. काकांनी सांगितलेला खड्डा नाही.

भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा उताराही आला. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, सत्ताप्रकार, धारक, भार, फेरफाराच्या नोंदी. १९७० नंतर या जमिनीवर कोणत्या बँकेचा बोजा चढला आणि कधी उतरला ते तारखेनिशी वाचता येतं. कुणी वारस लागलं, कुणाचं नाव कमी झालं, सगळं आहे. गावाकडच्या सातबाऱ्यावर तर पीक कोणतं, विहीर आहे का, हेही असतं. या जमिनीने तीस वर्षं रोज काय प्यायलं, त्याला मात्र कुठल्याच उताऱ्यावर रकाना नाही. जमीन विकत घेणारा वकील लावून तीस वर्षांचा शोध घेतो आणि 'टायटल क्लिअर' असा दाखला मिळवतो. तो दाखला मालकीबद्दल असतो, मातीबद्दल नसतो.

एवढ्या मोठ्या प्लॉटवर खड्डा नेमका कुठे आहे, हे सांगणारा एकच दस्तऐवज उरलाय आणि तो फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला आहे. उद्या त्यांना घेऊन खुणा करायच्या.

१६ एप्रिल, बुधवार

ऊन मरणाचं. सकाळी सातला मशीन लावलं.

पहिले दोन बोअर साधे गेले. वर दीड-दोन मीटर भराव, विटांचे तुकडे, राख, काच. त्याखाली काळी चिकणमाती, मग मुरूम, मग काळा पाषाण. ठाण्याची जमीन बहुतेक ठिकाणी अशीच असते. तिसरा बोअर काकांनी पायाने दाखवलेल्या जागी. मिस्त्रीने नळी वर काढून ताडपत्रीवर आडवी केली, मधून चिरली, आणि कुणी काही बोललं नाही. पहिला हातभर राखाडी. मग एकदम पिवळा पट्टा, हळदीत बोट बुडवून ओढावं तसा, दगडांच्या फटीफटीतून गेलेला. त्याखालच्या काळ्या मातीत पिवळ्याचा हिरवट, मळकट रंग होत गेलेला, आणि मुरमाशी पोचेपर्यंत नुसती ओल.

तो हिरवटपणा बघून मला बरं वाटलं. क्रोमियमची दोन रूपं असतात. सहा संयुजेचं क्रोमियम पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं, पाण्याबरोबर पळणारं, कॅन्सर करणारं. तीन संयुजेचं हिरवट, मातीला धरून बसणारं, फारसं न हलणारं. काळ्या मातीतला सेंद्रिय अंश आणि लोह पहिल्याचं दुसरं करतात. म्हणजे एवढी वर्षं ही माती एकटीच, कुणी न सांगता, विष पचवत आली आहे. जेवढं झेपलं तेवढं.

हातातल्या एक्सरे यंत्राने वाचन घेतलं. पण ते यंत्र एकूण क्रोमियम सांगतं, कोणत्या रूपातलं ते सांगत नाही. शिवाय आपल्या सह्याद्रीच्या पाषाणात मुळातच क्रोमियम असतं, स्वच्छ शेतातल्या मातीतही यंत्र आकडा दाखवतं. नवीन मुलं यंत्राकडे बघून घाबरतात किंवा निर्धास्त होतात, दोन्ही चूक.

रात्री, तीच तारीख

घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही, गॅलरीत बसून तपासणी केली. चमचाभर माती डिस्टिल्ड पाण्यात घुसळली, गाळली, दोन थेंब आम्ल, मग डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब. आधी काहीच नाही. मग तळापासून गुलाबी, आणि कुपी हलवताच गर्द जांभळा, पिकल्या जांभळासारखा.

मुलगी विचारत होती, कसली गं छान शाई बनवतेस. तिला कुपीला हात लावू दिला नाही.

१ मे, गुरुवार

मन थाऱ्यावर नाही. झालं ते नीट लिहून ठेवते.

काल अक्षय्य तृतीया. बिल्डरने भूमिपूजन ठेवलं होतं, मलाही निमंत्रण होतं. मी गेले नाही, प्रयोगशाळेत नमुने घेऊन गेले होते. आज सुट्टी असूनही सहज फाटकापर्यंत गेले तर ईशान्य कोपऱ्यात मोठा खड्डा. पूजेला जेसीबी आणलाच होता, मुहूर्त चांगला होता, कंत्राटदाराने खोदाई सुरूच ठेवली. अकरा डंपर माती बाहेर गेली. माझा अहवाल यायचा आहे, निम्म्या नमुन्यांचे निकाल यायचे आहेत.

काकांनी डंपरांचे नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. "पंचवीस वर्षं फाटकावर येणारी-जाणारी गाडी लिहायची सवय आहे ताई."

या शहरात खोदलेल्या मातीला भाव आहे. बेसमेंटची माती कुणाला तरी भराव म्हणून हवीच असते. खाडीकडेला, सखल भागात, नव्या चाळीच्या जोत्यात. मुंबई-ठाण्यात रोज किती माती अशी एका जागेहून उठून दुसरीकडे पडते आणि तिच्यामागे तिचा इतिहास जात नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, डंपरभर मातीवर काही नसतं.

आणि मला हेही लिहायला हवं की पहिल्याच दिवशी मी लेखी कळवायला हवं होतं: निकाल येईपर्यंत एक घमेलंही हलवायचं नाही. तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं फाटकापर्यंत टिकलं नाही.

३ मे, शनिवार

माती सापडली. दिव्याच्या बाजूला, रुळांपलीकडे, बैठ्या चाळींची वस्ती. पावसात गुडघाभर पाणी साचतं म्हणून रहिवाशांनीच वर्गणी काढून भराव मागवला होता. पैसे देऊन विष घरासमोर टाकून घेतलं, असं म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. तोवर तपासलंही नव्हतं.

पोरं त्याच ढिगावर चढून घसरत होती. अकरा ढीग, काही पसरलेले. ओळीने नमुने घेतले. ईशान्य कोपरा हौदापासून लांब असल्यामुळे बहुतेक माती स्वच्छ असणार असं वाटत होतं, आणि तसंच निघालं. नऊ कुप्या पांढऱ्या राहिल्या. दोन जांभळ्या झाल्या. त्या दोन ढिगांत विटांचे तुकडे होते, आम्लरोधक विटांचे. म्हणजे कधीतरी हौदाची दुरुस्ती केली तेव्हाचा राडारोडा त्या कोपऱ्यात नेऊन टाकला असणार.

एका मावशींच्या दारात कट्ट्यावर बसूनच तपासत होते. त्यांनी चहा दिला. कुपीचा रंग बदलताना त्यांनीही पाहिलं. मी सोप्या शब्दांत सांगितलं: ही माती अंगाला, तोंडाला लागू देऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका, झाडू मारू नका, धूळ उडते, ती श्वासातून जाते ते सगळ्यात वाईट. झाकून ठेवा, आम्ही उचलतो.

"पावसाआधी उचलणार का?" त्यांनी एवढंच विचारलं. नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता. पाऊस पडला की पिवळं खाली जाणार, आणि चाळीची बोअरिंग तिथून वीस पावलांवर.

९ मे, शुक्रवार

बैठक. बिल्डरकडचे तिघे, वकील, कंत्राटदार, मी. चाळीतली माती ७ जूनच्या आत उचलून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायची, असं लेखी ठरलं. तोवर ताडपत्री.

त्यानंतर खरी खेचाखेच झाली. माझं म्हणणं, टॉवर बांधायला हरकत नाही. पण खड्ड्याभोवतीची माती काढायची, उरलेल्या जागी मातीतच उपचार करायचे, बाग त्या जागेवरून हलवायची, आणि हे सगळं नकाशासह फ्लॅटच्या करारनाम्याला जोडायचं. पहिल्या तीन गोष्टी कुरकुरत का होईना मान्य झाल्या. चौथीवर वकील ठाम. "मॅडम, साफ केल्यावर लिहायचं कशाला? उगाच घबराट."

मी त्यांना लव्ह कॅनॉलची गोष्ट सांगितली. अमेरिकेत नायगाराच्या धबधब्याजवळ एका अर्धवट खणलेल्या कालव्यात रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळामंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात लिहिलेलं होतं की खाली रसायनं पुरलेली आहेत. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. पुढे तळघरांत काळं पाणी झिरपायला लागलं आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातूनच १९८० चा सुपरफंड कायदा आला.

वकील म्हणाले, "बघा, लिहूनही उपयोग झाला नाहीच ना?"

मुद्दा बिनतोड होता आणि मी तिथे उत्तर देऊ शकले नाही. घरी येताना लोकलमध्ये उत्तर सुचलं. तिथे जे लिहिलं होतं ते कंपनीने स्वतःच्या बचावासाठी लिहिलं होतं, पुढे कुणी दावा लावू नये म्हणून. त्या घरांत राहायला आलेल्या आयांनी ते खत कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना कळेल अशा भाषेत, त्यांच्या हातात पडेल अशा कागदावर ते नव्हतं. माझा कागद मराठीत हवा, चित्रासकट हवा, आणि घरात राहणाऱ्याच्या हातात हवा.

सोमवारी हे लिहून पाठवते.

२६ मे, सोमवार

पाऊस. मान्सून आज मुंबईत पोचला, सोळा दिवस आधी. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. पहाटेपासून धो धो. मुंबईत भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी शिरल्याचे फोटो फिरताहेत.

आम्ही ७ जून धरून चाललो होतो.

प्लॉटवर पोचायला अडीच तास लागले. शेडच्या आत आम्ही खणलेला चर पाण्याने भरला होता आणि पाणी लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं. बाहेरून पाऊस पडत होता आणि आत जमिनीतून पाणी वर येत होतं, पंचवीस वर्षं खाली बसलेलं पिवळं बरोबर घेऊन. काका दारात उभे होते. म्हणाले, "अगदी असंच दिसायचं."

पंप लावून टाक्यांत भरलं. संध्याकाळपर्यंत सहा टाक्या. गटारात थेंब जाऊ दिला नाही, त्यासाठी दोन पोरं आणि मी वाळूच्या गोण्या रचत होतो. चाळीत फोन केला. मावशी म्हणाल्या, वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा उडाला होता, तो बायकांनी दगड ठेवून दाबलाय. बाकीचं त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ऐकून घ्यायचं हे माझं काम होतं.

३० मे, शुक्रवार

चाळीतले दोन्ही ढीग उचलले, त्याखालची हातभर जमीनही खरवडली. ओली माती, दुप्पट वजन. खालच्या नमुन्यांपैकी एकात फिकट गुलाबी आला. परत खरवडलं. दुसऱ्यांदा पांढरा.

चाळीची बोअरिंग धुण्याभांड्याला वापरतात. पाणी तपासलं, आज काही नाही. पण जमिनीतलं पाणी मुंगीच्या पावलाने चालतं. आजचा नकार म्हणजे कायमचा नकार नाही. दर महिन्याला यायचं ठरवलं, याचे पैसे कुणी देवो न देवो.

१२ जून, गुरुवार

प्रयोगशाळेत बादल्यांची रांग. हिराकस.

आजी कापड रंगवायला हिराकस वापरायची, शाईलाही लागायचा. फेरस सल्फेट म्हटलं की लोकांना औषधाच्या गोळ्या आठवतात, पण बाजारात खडा हिराकस म्हणूनच मिळतो, पोपटी, हवेत ठेवला की तांबूस पडणारा. त्यातलं लोह आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि सहावालं क्रोमियम तीनवालं होतं. कागदावरचा हिशेब सोपा आहे: एक किलो क्रोमियमला सोळा किलो हिराकस. प्रत्यक्षात मातीतल्या इतर गोष्टीही लोह खातात, म्हणून जास्त लागतो. किती जास्त, हे प्रत्येक जमिनीला विचारावं लागतं.

आज विचारलं. पाच बादल्यांत तीच पिवळी माती, वेगवेगळं प्रमाण. ढवळल्यावर पिवळा रंग मिनिटभरात शेवाळी झाला आणि मग गंजासारखा. चौथ्या बादलीचा निथळ तपासला, पांढरा. तिसरीचा जांभळा. म्हणजे आमच्या जमिनीला हिशेबाच्या अडीचपट हवं. हिराकसाने माती आंबट होते, म्हणून मागून चुना. चुन्याने तीनवालं क्रोमियम घट्ट धरून बसतं.

प्लॉटवर हेच मशीनने करायचं. खड्ड्यातली सगळ्यात वाईट माती उचलून न्यायची, बाकीच्या जागेत हिराकसाचं पाणी बोअरमधून दाबायचं, बाग मागे सरकवायची. सगळीच माती खोदून ट्रकने पाठवणं बिल्डरला आवडतं, एकदा गेली की गेली. पण ती जाते कुठे? कुणाच्या तरी गावाशेजारीच.

एक धास्ती राहतेच. काळ्या मातीत मँगेनीज असतं आणि ते हळूहळू तीनवाल्याचं पुन्हा सहावालं करू शकतं. म्हणून निरीक्षण विहिरी. म्हणून वर्षानुवर्षं बघत राहायचं. जमिनीला 'साफ झाली' असा शिक्का मारून फाइल बंद करणारा माणूस मला पटत नाही.

१ जुलै, मंगळवार

भोपाळचा कचरा जळून संपल्याची बातमी. ३३७ टन. १ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून पिथमपूरला निघाले होते, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर ती रांग दाखवत होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ ला, दुर्घटनेच्या चाळिसाव्या वर्षदिनी, चार आठवड्यांची मुदत दिली होती. पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले होते.

मला त्यातली आपली आठवण सतावते. हा कचरा आपल्या दारातही येणार होता. २०११ मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत तो जाळायचं ठरत होतं. नागपुरात विरोध झाला, राज्य सरकारने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि कचरा आला नाही. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मलाही बरंच वाटलं होतं. आज प्रश्न पडतो, आपण 'नको' म्हटलं त्यानंतरची चौदा वर्षं तो कुठे होता? भोपाळच्याच एका गोदामात, त्याच वस्त्यांच्या कुशीत.

आणि ३३७ टन म्हणजे फक्त गोळा करून ठेवलेला. नागपूरची नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० मध्ये अंदाज दिला होता की कारखान्याच्या आवारात साधारण अकरा लाख टन माती दूषित आहे. बाहेरची, सौर बाष्पीभवन तळ्यांची जमीन आणखी वेगळी. १९८४ च्या रात्रीच्या वायूबद्दल सगळं जग बोलतं. त्याआधी १९७७ पासून त्या तळ्यांत जे साठत आणि झिरपत गेलं, त्याने बाधलेलं पाणी त्या रात्री न जन्मलेल्या मुलांनीही प्यायलं. कंटेनर मोजता येतात, त्यांचे फोटो येतात. माती तिथेच आहे.

जाळल्यावर उरलेल्या राखेचं वजन मूळ कचऱ्याहून जास्त आहे, कारण जाळताना चुना घातला. आता ती राख पुरायची जागा शोधतात.

२८ जुलै, सोमवार

नवे नियम आले. २४ तारखेला केंद्राने अधिसूचना काढली: पर्यावरण संरक्षण, दूषित स्थळांचं व्यवस्थापन, नियम २०२५. दोनदा वाचले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. मग राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी, त्यापुढच्या नव्वद दिवसांत सविस्तर. दूषित ठरली तर ज्याने केलं त्याने खर्च भरायचा. देशात १०३ जागा आधीच ओळखलेल्या आहेत, त्यातल्या सातच ठिकाणी काम सुरू झालंय. राणीपेटचा क्रोमियमचा ढीग, कानपूरकडचं रानिया, ही आमच्या धंद्यातली जुनी नावं. आमच्यासारख्या लहान प्लॉटांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

आजवर आम्ही डच आकडे घेऊन काम करत असू. सहावालं क्रोमियम एक किलो मातीत ७८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हस्तक्षेप, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. आता आपला कायदा आहे. मला मनापासून आनंद झाला. सकाळीच दोघाचौघांना फोन केले.

संध्याकाळी पुन्हा वाचताना मात्र एका गोष्टीशी थांबले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायची. त्यांना ती कळणार कशावरून? त्यांच्या कपाटातला जुना नकाशा तोच, ज्यात खड्डा नाही. प्रत्येक तालुक्यात कुणीतरी बंद कारखान्यांच्या फाटकावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारायला हवं, आणि लवकर. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत.

२९ जुलै, मंगळवार

हिराकस दाबायचा पहिला दिवस आजचा ठरला होता. उघडीप होती, टँकर आला होता, मिश्रण तयार. मिस्त्री मशीनला हात लावेना.

"मॅडम, आज नागपंचमी. आज जमीन चिरत नाहीत."

मला आठवण राहिली नव्हती. आमच्या घरी या दिवशी आई विळीसुद्धा हातात घेत नसे. कंत्राटदार आरडाओरडा करायला लागला, दिवसाचं भाडं किती ते सांगायला लागला. मी म्हटलं, उद्या. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर जी जमीन घाईने चिरली गेली, तिला एक दिवस मिळायलाच हवा होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवसांत चोवीस बोअर. हिराकसाचं पाणी जाताना दाब कुठे एकदम पडतो, कुठे चढतो त्यावरून खालची जमीन कळत जाते. सतराव्या बोअरला पाणी शेजारच्याच बोअरमधून वर आलं, शेवाळी, फेसाळ. म्हणजे मधे मोकळी वाट आहे. जुनं गटार असणार. नकाशात तेही नाही. मी आता आमच्या नकाशात काढलंय.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवार मुंबई-ठाणे पाण्याखाली होतं. काही भागांत चोवीस तासांत ३०० मिलिमीटर. आज पाणी ओसरल्यावर निरीक्षण विहिरींचे नमुने घेतले. सहाही विहिरींत पाणी जमिनीपासून हातभर खाली. आधी साचलेलं पाणी उपसून टाकायचं, आम्लता आणि वाहकता स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग कुपी भरायची. घाई केली तर विहिरीचं पाणी मिळतं, जमिनीचं मिळत नाही.

एक, दोन, तीन, पाच: पांढऱ्या. सहा: पांढरी. चार, खड्ड्याच्या उताराकडची: गुलाबी. एप्रिलमध्ये तीच गर्द जांभळी होती. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. चारची विहीर अजून त्याच्या वर आहे. ऑक्टोबरात तिच्याभोवती पुन्हा हिराकस द्यावा लागेल, हे बिल्डरला कळवलं. लेखी.

करारनाम्याच्या कागदाचं उत्तर आलं. एक पान मान्य. वकिलाने 'दूषित' शब्द काढून 'पूर्वीचा औद्योगिक वापर' घातला होता. मी परत 'क्रोमियम' घालून पाठवलं, नकाशासकट, चारच्या विहिरीच्या खुणेसकट. अजून उत्तर नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चाळीत गेले. रस्त्यावर अजून चिखल, दारादारांत ओल्या गाद्या वाळत घातलेल्या. भराव टाकूनही पाणी शिरलंच होतं. मावशींच्या कट्ट्यावरच बसले. बोअरिंगचं पाणी कुपीत घेतलं, थेंब टाकले. मावशी, त्यांची सून आणि चार पोरं कुपीकडे बघत बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सून म्हणाली, अजून थोडं थांबा. पंधरा मिनिटं थांबलो. पाणी पांढरं.

"मग हे कागदावर द्या," मावशी म्हणाल्या. "उद्या कोणी विचारलं तर?"

अहवाल छापून यायला आठवडा लागतो असं मी सांगितलं. त्यांना ते चालेना. मग याच वहीचं एक पान फाडलं. तारीख लिहिली, बोअरिंग कुठली ते लिहिलं, ३ मेला कोणत्या दोन जागी काय सापडलं, ३० मेला काय उचललं, आज पाण्यात काय नाही, पुढची तपासणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. चाळीचा लहानसा नकाशा काढला, दोन जागांवर फुल्या केल्या. खाली सही आणि फोन नंबर. मावशींनी सुनेला मोठ्याने वाचायला लावलं, एका ठिकाणी "दारासमोर" च्या जागी "नळाच्या डाव्या हाताला" असं दुरुस्त करून घेतलं. मग घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी पुन्हा फळीवर, देवाच्या तसबिरीमागे.